अनुकृती आणि ज्ञान : व्हॅन गॉगच्या ‘पेरणाऱ्या’ची नक्कल

तैलरंग शिकणाऱ्याने एखाद्या थोर चित्रकाराचे चित्र समोर ठेवून ते पुन्हा रंगवणे ही कलाशिक्षणातली जुनी रीत आहे. तिचा उपयोग सहसा कोणी नाकारत नाही, पण तिच्याकडे पाहण्याची नजर बहुधा तुच्छतेची असते. नक्कल म्हणजे सराव, फार तर कसब. खरे चित्र त्यानंतर सुरू होते, असे मानले जाते. या समजुतीच्या मुळाशी एक तात्त्विक प्रश्न आहे आणि दोन हजारांहून अधिक वर्षे निरनिराळ्या परंपरांनी त्याचा विचार केला आहे. दुसऱ्याने पाहिलेले, दुसऱ्याने ठरवलेले, दुसऱ्याच्या हातून घडलेले आपण पुन्हा केले, तर त्यातून ज्ञान होते का? होत असेल तर ते कशाचे?

नुसत्या व्याख्यांनी हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी एक विशिष्ट चित्र समोर हवे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने जून 1888 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी रंगवलेला ‘पेरणारा’ या कामाला योग्य आहे. सुमारे 64 सेंटिमीटर उंच आणि 80 सेंटिमीटर रुंद असलेले हे तैलचित्र आज नेदरलँड्समधल्या ऑटर्लो येथील क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे. नांगरलेले शेत, त्यातून ढांगा टाकत बी फोकत चाललेला माणूस, मागे पिकलेल्या गव्हाचा पट्टा आणि क्षितिजावर मोठा सूर्य, एवढाच त्यातला ऐवज. महाराष्ट्रात पारंपरिक पेरणी पाभरीने किंवा तिफणीने होते आणि हाताने बी फोकण्याची रीत भाताचा तरवा टाकताना दिसते. त्यामुळे या माणसाच्या हाताचा झोत आणि पायाची ढांग यांचा मेळ मराठी विद्यार्थ्याला आधी समजून घ्यावा लागतो. मूठ रिकामी होते तेव्हा पाऊल पुढे पडलेले असते. पावलाच्या लयीवरच बियांची पांगणी ठरते.

या चित्रात एक विसंगती आहे. तिकडे गहू पेरतात शरद ऋतूत, आणि तो पिकतो उन्हाळ्यात. एकाच वेळी पेरणी चालू आहे आणि मागे पीक उभे आहे, असे दृश्य चित्रकाराला शेतात दिसण्याजोगे नव्हते. म्हणजे हे चित्र डोळ्यांनी टिपलेली नोंद नाही. ज्या चित्रकारांना कलासमीक्षक रॉजर फ्रायच्या 1910 च्या लंडनमधल्या प्रदर्शनापासून उत्तर-दृक्प्रत्ययवादी म्हटले जाऊ लागले, त्यांचे वेगळेपण इथेच आहे. क्षणाचा प्रकाश पकडणे हे त्यांचे अंतिम उद्दिष्ट नव्हते. पाहिलेल्याची नवी रचना त्यांना उभारायची होती. मग पेरणारा आला कुठून? तो दुसऱ्या चित्रातून आला.

झाँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराने 1850 मध्ये ‘पेरणारा’ रंगवला. व्हॅन गॉगने त्याचा अभ्यास केला तो मुख्यतः छापचित्रावरून. 1880 मध्ये चित्रकार व्हायचे ठरवल्यावर बेल्जियममधल्या बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात त्याने पहिला अभ्यास सुरू केला तो मिलेच्या शेतकामाच्या चित्रांच्या नकला करून. पेरणाऱ्याची आकृती त्याने तेव्हापासून पुन्हा पुन्हा काढली. 1888 च्या जूनमध्ये त्याने स्वतःला घातलेला प्रश्न असा होता : मिलेचा पेरणारा करडा, जवळजवळ रंगहीन आहे, तो पिवळा आणि जांभळा यांच्या विरोधातून, निव्वळ रंगाने रंगवता येईल का? आज या चित्राची नक्कल करायला बसलेला विद्यार्थी अशा साखळीतली पुढची कडी असतो. मिले, मिलेवरून छापचित्र करणारा, व्हॅन गॉग आणि मग तो स्वतः. ज्याला तो मूळ म्हणतो ते स्वतःच एका अनुकृतीतून वाढलेले आहे.

या साखळीला धार्मिक पदरही आहे. व्हॅन गॉग प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाचा मुलगा. 1877 मध्ये तो अ‍ॅमस्टरडॅमला धर्मशास्त्राच्या अभ्यासाची तयारी करत होता, आणि त्या काळात पंधराव्या शतकातले थॉमस आ केम्पिसचे ‘ख्रिस्तानुकरण’ हे पुस्तक तो हाताने उतरवून काढत होता, असे त्याच्या पत्रावरून कळते. अनुकरणाविषयीचे पुस्तक अक्षर-अक्षर उतरवणारा हा तरुण पुढे बोरिनाजमध्ये खाणकामगारांचा उपदेशक झाला, तिथून त्याला काढण्यात आले, आणि मग तो चित्रांच्या नकलांकडे वळला. पेरणाऱ्याचा दाखला मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येतो. बी एकच, पण ते वाटेवर, खडकाळ जागी, काटेरी झुडपांत आणि चांगल्या मातीत पडते. उपदेशकाच्या घरात वाढलेल्याला हा दाखला पाठ असणारच. व्हॅन गॉगच्या मनात पेरणारा आणि पेंढी ही अनंताची चिन्हे होती, असे त्याने चित्रकार एमिल बर्नारला लिहिलेल्या पत्रातून दिसते. तेव्हा या आकृतीची पुनरावृत्ती ही त्याच्यासाठी हाताची कसरत नव्हती. धर्मात ज्याला अनुकरण म्हणतात त्याच्या जवळ जाणारे ते काम होते : आपल्याहून मोठ्या कोणाच्या तरी कृतीत स्वतःला ठेवून पाहणे.

अनुकरणावरचा सर्वांत कठोर आक्षेप प्लेटोचा आहे. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात तो पलंगाचे उदाहरण घेतो. पलंगाचे सत्स्वरूप एक, सुताराने केलेला पलंग दुसरा आणि चित्रकाराने रंगवलेला पलंग तिसरा. चित्रकार सत्यापासून तिसऱ्या पायरीवर असतो आणि ज्याचे चित्र काढतो त्याविषयी त्याला ज्ञान नसते. या हिशेबाने चित्राची नक्कल करणारा चौथ्या पायरीवर जातो. अ‍ॅरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या चौथ्या प्रकरणात याच्या उलट सांगितले : अनुकरण माणसाला लहानपणापासून स्वाभाविक आहे आणि त्याचे पहिले शिकणे अनुकरणातूनच होते. दोघांच्या मांडणीत एक गोष्ट मात्र समान आहे. अनुकरण म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक आहे असे धरूनच युक्तिवाद पुढे जातो. खरी अडचण तिथेच आहे, आणि ती काश्मीरच्या नाट्यमीमांसकांनी अधिक बारकाईने पाहिली.

भरताच्या रससूत्रावर लिहिणारा श्रीशंकुक म्हणतो की नट रामाचे अनुकरण करतो आणि प्रेक्षक त्या अनुकरणावरून रसाचे अनुमान करतो. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे मत अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’तून कळते. श्रीशंकुकाचा दृष्टान्त चित्रातल्या घोड्याचा आहे. चित्रातला घोडा पाहून होणारी प्रतीती सम्यक् नसते, मिथ्या नसते, संशयाची नसते आणि नुसत्या सादृश्याचीही नसते; ती या चारांहून निराळी असते. यावर अभिनवगुप्ताचा गुरू भट्टतौत याने घेतलेले आक्षेप नक्कल करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने मनाशी घोळवावेत असे आहेत. ज्याचे अनुकरण करायचे ते आधी प्रत्यक्ष पाहिलेले असले पाहिजे. पण रामाला कोणत्या नटाने पाहिले आहे? शिवाय रामाचा शोक ही मनाची अवस्था, आणि नटाचे अश्रू, कंप, गद्गद आवाज हे शरीराचे व्यापार. दोहोंची जातच वेगळी असेल तर एक दुसऱ्याचे अनुकरण कसे ठरेल? आणि चित्राविषयी म्हणाल, तर शेंदूर वगैरे रंगांनी तिथे गाय प्रकट होत नाही. गाईच्या अवयवांच्या मांडणीसारखी एक मांडणी तेवढी होते.

या शेवटच्या आक्षेपावर थांबून विचार केला पाहिजे, कारण चित्रावरून चित्र करताना परिस्थिती पालटते. व्हॅन गॉगने शेत रंगवले तेव्हा त्याच्यासमोर माती होती आणि कॅनव्हासवर रंग. दोन्हींची जात वेगळी. विद्यार्थी जेव्हा त्या चित्राची नक्कल करतो तेव्हा त्याच्यासमोरही रंग आणि हातातही रंग; तिकडे जवसाच्या तेलात घोटलेले रंगद्रव्य, इकडेही तेच. शेंदराने गाय होत नाही हे खरे, पण शेंदराचा शेंदूर होतो. प्लेटोच्या पायऱ्या इथे लागू पडत नाहीत, कारण विद्यार्थी पेरणाऱ्याचे अनुकरण करत नाही. तो रंगलेपाच्या एका मांडणीचे अनुकरण करतो, आणि ती मांडणी त्याच्या डोळ्यांसमोर पूर्णपणे हजर आहे. भट्टतौताचा पहिला आक्षेप त्यामुळे गळून पडतो. दुसरा मात्र अधिक तीव्र होऊन उभा राहतो. रंगाचा थर समोर आहे, पण तो थर देण्यामागचा निर्णय समोर नाही. निर्णय आणि थर यांची जात वेगळी. मग नक्कल करणारा फक्त अश्रूंची नक्कल करतो की काय?

याचे उत्तर प्रत्यक्ष कामाच्या क्रमात शोधावे लागते. नक्कल सुरू होते ती मापाने. चित्राच्या छापील प्रतीवर चौकटी आखायच्या, त्याच प्रमाणात कॅनव्हासवर आखायच्या आणि एकेका चौकटीतली रेषा उतरवायची. व्हॅन गॉगनेही हे केले आहे. मिलेच्या ‘पहिली पावले’ या चित्राच्या छायाचित्रावर चौकटी आखून त्याने 1890 मध्ये ते कॅनव्हासवर घेतले आणि ते चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. चौकटींचा नियम असा की हाताने नाव विसरायचे. चौकटीत ‘खांदा’ नसतो, एक वाकलेली कड असते. विद्यार्थ्याला इथे पहिले ज्ञान होते ते स्वतःच्या पाहण्याविषयी : तो आजवर खांदा पाहत नव्हता, खांद्याविषयीची आपली समजूत पाहत होता.

दुसरा टप्पा रंगाचा. व्हॅन गॉगने बर्नारला या चित्राचे रंग कळवले होते : शेताची ढेकळे जांभळी, पिकलेला गहू गेरूच्या पिवळ्या छटेत आणि किंचित किरमिजी, आकाश आणि सूर्य क्रोम पिवळ्याच्या छटांचे, पेरणाऱ्याचा सदरा निळा आणि विजार पांढरी. जमिनीतही पिवळ्याचे स्पर्श आहेत आणि जांभळा व पिवळा मिसळून आलेल्या उदासीन छटा आहेत, हेही त्याने सांगितले. रंगाच्या हुबेहूबपणाची फिकीर आपण केलेली नाही अशी कबुलीही दिली. ही माहिती वाचून कोणालाही होते. ती हाताला होते तेव्हा काय घडते ते पाहण्यासारखे आहे. विद्यार्थी जांभळ्या थरावर, तो ओला असतानाच, पिवळा फटकारा ओढतो आणि पिवळा मळतो. पूरक रंग शेजारी ठेवले की एकमेकांना उजळतात, हे रसायनशास्त्रज्ञ मिशेल-युजेन शेव्रलने 1839 मध्ये सिद्धान्तरूपाने मांडले. पण ते एकमेकांत मिसळले की दोघेही विझतात. विद्यार्थ्याला वाटते की चित्र बिघडले. तो मूळ चित्राकडे पुन्हा पाहतो आणि त्याला ढेकळांच्या मधोमध तोच मळका करडा दिसतो, ठरवून सोडलेला. तो करडा तिथे आहे म्हणूनच शेजारचा शुद्ध पिवळा पेटतो. हे वाक्य पुस्तकात लिहिता येते, पण पुस्तकातून कळलेले आणि हाताला कळलेले यांत अंतर आहे. तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइलने 1949 मध्ये ‘असे आहे हे जाणणे’ आणि ‘कसे करायचे हे जाणणे’ यांत जो भेद केला तो इथे स्पष्ट दिसतो. नकलेचे ज्ञान दुसऱ्या प्रकारचे आहे, आणि ते पहिल्याहून खालचे मानण्याचे काही कारण नाही.

तिसरा टप्पा फटकाऱ्यांचा, आणि नकलेचे सारे तत्त्वज्ञान इथे एकवटते. व्हॅन गॉगचा फटकारा जाड असतो, त्याला दिशा असते, सुरुवातीला रंगाचा लोंढा आणि शेवटी ब्रशच्या केसांचे ओरखडे असतात. शेतातले फटकारे तुकड्यातुकड्यांचे, आकाशातले सूर्याभोवती किरणांसारखे पसरत जाणारे. असा फटकारा जसाच्या तसा उतरवायचा तर विद्यार्थी सावकाश, थांबत-थांबत, कड जुळवत ब्रश चालवतो. आकार जुळतो, आणि फटकारा मेलेला दिसतो. कारण मूळ फटकारा एका झटक्यात आलेला होता आणि त्याचा वेग रंगाच्या उंचसखलपणात कायमचा उमटला आहे. मग विद्यार्थी झटक्यात ओढतो. आता रंगात जीव येतो, पण फटकारा भलतीकडे जातो. रेषा जुळते तेव्हा वेग जुळत नाही, आणि वेग जुळतो तेव्हा रेषा चुकते. दोन्ही एकाच वेळी साधण्याचा मार्ग एकच : तो फटकारा तिथे का हवा होता हे विद्यार्थ्याला इतके कळले पाहिजे की त्याचा हात तो स्वतःहून तिथे टाकील. म्हणजे निर्णय कळल्याशिवाय थराचीही खरी नक्कल होत नाही. भट्टतौताने नटाविषयी विचारलेल्या प्रश्नाला चित्रकलेच्या बाजूने देता येणारे उत्तर हे आहे. इथे अश्रूंची नुसती नक्कल करू जाता ती फसते, आणि फसल्यामुळे शोकाकडे वळावे लागते.

अभिनवगुप्त आणि त्याचे गुरू नाट्याला अनुकरण म्हणायला तयार नव्हते. नाट्य म्हणजे एक प्रकारचा अनुव्यवसाय, झालेल्याला पुन्हा जाणिवेत घेणे, असे अभिनवगुप्ताने म्हटले. चित्राच्या नकलेला हा शब्द नाटकाहूनही चपखल बसतो असे प्रस्तुत लेखाचे मत आहे. नक्कल करणारा वस्तूची दुसरी प्रत काढत नाही. एका माणसाने एकदा केलेल्या निर्णयांची मालिका तो आपल्या जाणिवेतून पुन्हा नेतो, आणि जिथे त्याचा हात अडतो तिथे त्याला आपली जाणीव कुठे संपते ते कळते.

तैलरंगाचा स्वभाव या कामाला एक वेगळी शिस्त लावतो. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होते. त्यामुळे जाड फटकाऱ्याला वरून साय धरते आणि आत तो बराच काळ ओला राहतो. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ आणि वरचा थर अधिक तेलाचा हा नियम मोडला तर वरचा थर पुढे तडकतो. व्हॅन गॉगने ‘पेरणाऱ्या’वर एकाहून अधिक वेळा काम केले. नक्कल करणाऱ्याला त्याच्यासमोर असलेल्या तयार पृष्ठभागावरून मागे जाऊन कोणता थर ओल्यावर आला, कोणता वाळल्यावर, हे ओळखावे लागते. काळाचा क्रम पृष्ठभागात गोठलेला असतो आणि नक्कल तो उलगडते.

व्हॅन गॉगचे स्वतःचे नकलांविषयीचे विचार या चर्चेत वजनदार आहेत. मे 1889 ते मे 1890 या काळात तो सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात होता. आजारपणात बाहेर जाऊन चित्रे काढणे अनेकदा शक्य नसे, समोर बसवून चित्र काढायला माणसे मिळत नसत. तेव्हा त्याने मिलेच्या वीसएक चित्रांवरून, शिवाय दलाक्र्वा आणि रेम्ब्रांट यांच्यावरूनही तैलचित्रे केली. भाऊ थिओला लिहिताना त्याने संगीताचा दाखला दिला. बेथोवेनची रचना वाजवणारा तिच्यात आपला अर्थ घालतो आणि त्याला कोणी कमी लेखत नाही. रचनाकारानेच आपली रचना वाजवली पाहिजे असा नियम संगीतात नाही. चित्रकारांकडून मात्र प्रत्येक वेळी स्वतःच्या रचनेची अपेक्षा केली जाते. समोर काळ्यापांढऱ्या छापील प्रती असल्याने रंग त्याला स्वतःच शोधावे लागत. मूळ चित्रकारांच्या रंगांच्या आठवणीने तो ते शोधत असे. यातून आपण शिकतो आणि मुख्य म्हणजे दिलासा मिळतो, असे त्याने कळवले. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातली त्याची ‘दुपारची विश्रांती’ मिलेच्या पेस्टलच्या तुलनेत आरशातल्यासारखी उलटी आहे, कारण ती छापचित्रावरून केलेली होती. त्याला याचे काही वाटले नाही. डावे-उजवे पालटले तरी गंजीच्या सावलीत झोपलेल्या दोघांचा भार आणि थकवा पालटत नाही.

इथे एक महत्त्वाचा आक्षेप येतो. संगीताची उपमा चित्राला लागू पडते का? तत्त्वज्ञ नेल्सन गुडमनने 1968 मध्ये कलांचे दोन वर्ग केले. काही कलाकृतींची अचूक प्रत ही ती कलाकृतीच असते. काहींची कितीही हुबेहूब प्रत ही प्रतच राहते. मराठी वाचकाला पहिल्या वर्गाचे उत्तम उदाहरण घरचे आहे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हातोहात उतरवल्या जात होत्या, त्यांत पाठभेद शिरले होते, आणि एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 मध्ये, पाठ शुद्ध केला. हे शुद्धीकरण शक्य झाले कारण ओवीला अक्षरे आहेत. अक्षर बरोबर की चूक हे ठरवता येते, आणि लिहिणाऱ्याचे वळण कसेही असले तरी ज्ञानेश्वरी ती ज्ञानेश्वरीच राहते. चित्राला अशी अक्षरे नाहीत. त्यात ‘वळण’ वेगळे काढून टाकता येत नाही. तिथे वळण हाच मजकूर आहे. म्हणून व्हॅन गॉगची संगीताची उपमा मिलेच्या छापचित्रांना लागू पडते, जिथे रचना हा जणू स्वरलेख होता. तिचा वापर त्याच्या स्वतःच्या फटकाऱ्यांना तितक्या सहजपणे करता येत नाही. गुडमनचे म्हणणे या लेखात मान्य केले आहे. मात्र त्यातून नक्कल निरर्थक ठरत नाही. प्रत मूळ होऊ शकत नाही हे जितके स्पष्ट, तितका तिच्यात आणि मुळात पडलेला फरक बोलका होतो.

शिवाय मूळही स्थिर नसते. क्रोम पिवळा हा रंग प्रकाशाने काळपट-तपकिरी होतो, कारण त्यातल्या क्रोमियमची रासायनिक अवस्था बदलते. व्हॅन गॉगच्या काळातले काही लाल रंग उडून जातात. त्याच्या आर्लमधल्या शयनगृहाच्या भिंती पत्रात जांभळ्या आहेत आणि चित्रात आज निळ्या दिसतात, त्या यामुळेच. तेव्हा विद्यार्थ्याने नक्कल कशाची करायची, आज भिंतीवर टांगलेल्या पृष्ठभागाची की 1888 मधल्या चित्राची? दोन्ही पर्याय प्रामाणिक असू शकतात, पण निवड केल्याशिवाय पहिला रंगही मिसळता येत नाही. नक्कल यांत्रिक असते असे म्हणणाऱ्यांनी हा प्रश्न कधी सोडवून पाहिलेला नसतो.

धार्मिक प्रतिमांच्या बाबतीत प्रतीचे स्थान पूर्ण वेगळे आहे. 787 मधल्या निकियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने ठरवले की प्रतिमेला दिलेला मान तिच्या मूळ स्वरूपाला पोहोचतो. त्यामुळे पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेत जुन्या पवित्र चित्रावरून काढलेले चित्र हलके ठरत नाही; मूळ हे चित्राच्या बाहेर आहे आणि दोन्ही चित्रे त्याच्यापासून सारख्याच अंतरावर आहेत. आपल्याकडे एकाच साच्यातून निघालेल्या गणेशमूर्ती घरोघरी जातात आणि प्रत्येकीची प्राणप्रतिष्ठा स्वतंत्रपणे होते. कोणतीही मूर्ती दुसरीची नक्कल मानली जात नाही. व्हॅन गॉगचा पेरणारा या दोन टोकांच्या मधे उभा आहे. एकीकडे तो रंगाच्या एकाच विशिष्ट पृष्ठभागापासून वेगळा काढता येत नाही. दुसरीकडे मिलेकडून, आणि त्याही मागे शुभवर्तमानाच्या दाखल्याकडून आलेली ती आकृती कोणा एका चित्रात मावत नाही. 1888 च्या शरदात व्हॅन गॉगने तो पुन्हा रंगवला. त्यातल्या एका चित्रात सूर्य पेरणाऱ्याच्या डोक्यामागे संताच्या प्रभावळीसारखा आला आहे.

नकलेविरुद्धचे दोन आक्षेप उरतात. इंग्लिश चित्रकार सर जोशुआ रेनॉल्ड्सने 1769 च्या आपल्या व्याख्यानात विद्यार्थ्यांना बजावले की सरसकट नक्कल करणे हा फसवा उद्योग आहे. हात चालू राहतो, म्हणून काम होत आहे असे वाटते आणि मन झोपी जाते. हा आक्षेप खरा आहे, पण तो आळशी नकलेवरचा आहे. कांटचा आक्षेप अधिक खोल आहे. 1790 च्या ग्रंथात तो म्हणतो की प्रतिभा ही अनुकरणवृत्तीच्या विरुद्ध असते आणि ती शिकवता येत नाही. परंतु त्याच ठिकाणी तो अनुकरण आणि अनुसरण यांत भेद करतो. प्रतिभावंताची कृती दुसऱ्यापुढे येते ती त्याच्या स्वतःच्या प्रतिभेला जागे करण्यासाठी. मिलेवरून व्हॅन गॉगने केलेली चित्रे म्हणजे या अनुसरणाचा पुरावा आहेत. फक्त एवढेच जोडायला हवे की त्या अनुसरणाच्या आधी अनेक वर्षांचे साधे, कष्टाळू अनुकरण होते. कांटने ही पायरी फार घाईने ओलांडली.

नकलेत जबाबदारीही असते, आणि याचा धडा महाराष्ट्रात आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिलने 1844 पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी 1872 ते 1885 या काळात त्याच कामावर होते. त्यांच्याही अनेक प्रतिकृती 1885 च्या आगीत गेल्या. जे उरले त्यांत भिंतीवरून आज नाहीसे झालेले तपशील सापडतात, आणि ते घडवणारे विद्यार्थी त्या भिंतींसमोर शिकले. पण चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींना व्हार्निश लावण्यात आले आणि ते पुढे पिवळे-काळे पडून मूळ चित्रांनाच बाधले. मुळाविषयी आदर नसलेली नक्कल ज्ञान देऊनही अपराध करू शकते.

दुसरी जबाबदारी सत्याची. नक्कल आणि खोटेपणा यांतली सीमा पृष्ठभागावर नसते. ती त्या चित्राविषयी काय सांगितले जाते त्यात असते. लूव्र संग्रहालयात परवाना घेऊन नक्कल करणाऱ्यांना आजही मूळ चित्राच्या मापाची नक्कल करता येत नाही, मूळ चित्रकाराची सही उतरवता येत नाही. व्हॅन गॉगने मिलेचे ऋण कधी लपवले नाही. ‘पेरणाऱ्या’ची नक्कल करणाऱ्यानेही कॅनव्हास मुळापेक्षा लहान किंवा मोठा घ्यावा, पुढच्या बाजूला ‘व्हिन्सेंट’ अशी सही करू नये, आणि मागच्या बाजूला मूळ चित्राचे नाव, चित्रकाराचे नाव, आपले नाव आणि वर्ष स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावे.